बिऱ्हाड कासवाच्या पाठीवर

वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात, उत्तरेच्या अंगाला, तीन नद्यांचं एक छोटं देवघर कोरलेलं आहे. गंगा मकरावर उभी आहे, सरस्वती कमळावर आणि यमुना कासवावर. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीसेक किलोमीटरवर, त्यामुळे इथल्या बहुतेक शाळकरी मुलांनी शाळेच्या सहलीत हे कासव पाहिलेलं असतं, निदान त्याच्यासमोरून ती गेलेली असतात. त्याहून जास्त ओळखीचं कासव देवळातलं. सभामंडपाच्या फरशीत, गाभाऱ्याच्या समोर ते बसवलेलं असतं. आधी त्याला हात लावायचा, मग देवाचं दर्शन. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी त्याची पाठ गुळगुळीत झालेली असते.

समुद्रातल्या जिवंत कासवाची पाठ अशी मोकळी क्वचितच असते. तिच्यावर शेवाळ वाढतं, शेवाळात किडे-कृमी राहतात, आणि कठीण कवचाचे लहानलहान प्राणी तिथे जन्मभराचं बिऱ्हाड करतात. हे बिऱ्हाडकरू बहुतेक कवचधारी वर्गातले, म्हणजे खेकडा, झिंगा, कोळंबी यांच्या गोतावळ्यातले आहेत. आकाराने मात्र पुष्कळसे बोटाच्या पेराहून लहान. या प्रकरणात त्यांचीच ओळख करून घ्यायची आहे. त्यांना कासवाच्या अंगावरची घाण समजून खरवडून काढण्याची जी घाई अलीकडे दिसते, ती मला अस्वस्थ करते. कासव कुठे हिंडलं आणि त्याची प्रकृती कशी होती, या दोन्ही गोष्टींचा पुरावा या प्राण्यांजवळ असतो, आणि तो आपण न वाचताच फेकून देतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर समुद्री कासव म्हटलं की प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले. पाठीची लांबी ६० ते ७० सेंटिमीटर, वजन चाळीस किलोच्या आसपास. नोव्हेंबर ते मार्च या काळात माद्या रात्री वाळूवर चढतात, खड्डा करतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळू लोटून खड्डा बुजवतात आणि परत जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात ही घरटी राखायला सुरुवात केली. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. आता वेळास, आंजर्ले, गुहागर ही नावं मराठवाड्यातल्या घरांतही माहीत आहेत, आणि पिल्लं समुद्रात जाताना पाहायला इकडची माणसं रात्रभर गाडीने प्रवास करून जातात.

महोत्सवात दिसतात ती पिल्लं. पिल्लाची पाठ कोरी असते. आई मात्र पिल्लांना भेटत नाही आणि पाहुण्यांनाही सहसा दिसत नाही; ती दिसते रात्री किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या कासवमित्रांना. तिच्या पाठीवर विजेरीचा मंद उजेड पडला की काही वेळा पांढुरके, दगडासारखे कठीण उंचवटे दिसतात. खाली रुंद, वर निमुळते, माथ्यावर बंद झालेलं दार. ते बार्नॅकल. मादी वाळूवर असते तेवढा वेळ त्यांनी ते दार घट्ट मिटून घेतलेलं असतं. आत समुद्राचं थोडं पाणी राखून ठेवलेलं असतं, आणि तेवढ्यावर तो तास निभावतो.

कोकणच्या मच्छीमाराला बार्नॅकलची ओळख करून द्यावी लागत नाही. पावसाळ्याआधी होड्या शाकारताना बुडाला चिकटलेला जो खरखरीत थर तासून काढावा लागतो, त्यात हेच प्राणी असतात. जहाजाच्या बुडावर त्यांची वाढ झाली की पाण्याचा अडथळा वाढतो आणि इंधन जास्त जळतं, म्हणून त्यांना दूर ठेवणारे रंग तयार करणं हा जगभर मोठा उद्योग आहे. नौदलासाठी अशा रंगांवर काम करणारी प्रयोगशाळा आपल्या अंबरनाथला आहे. गोव्यात दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही बार्नॅकलच्या डिंभांवर, म्हणजे त्यांच्या पोहणाऱ्या पिल्लांवर, अनेक वर्षं संशोधन झालेलं आहे. पण होडीच्या बुडावरचे आणि कासवाच्या पाठीवरचे बार्नॅकल एक नव्हेत. कासवावर राहणाऱ्या मुख्य जातीचं नाव केलोनिबिया टेस्टुडिनारिया. लिनियसने १७५८ साली तिला जातीचं नाव दिलं. काही मिलिमीटरपासून पाच सेंटिमीटरपर्यंत आणि क्वचित त्याहूनही मोठा असा तिचा व्यास असतो.

बार्नॅकल खेकड्याचा नातेवाईक आहे हे कुणाच्याही सहज लक्षात येणार नाही, आणि शास्त्रज्ञांच्याही फार काळ आलं नव्हतं. चुन्याचं कवच, एका जागी चिकटून राहणं, यामुळे त्याला शंख-शिंपल्यांच्या गटात घातलं जाई. आयर्लंडमधल्या कॉर्क इथे असलेल्या जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी वैद्याने समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्म जीव पाळून त्यांची वाढ पाहिली, आणि १८३० साली दाखवून दिलं की बार्नॅकलची पिल्लं मुक्तपणे पोहतात आणि त्यांना कोळंबीच्या पिल्लांसारखे सांध्यांचे पाय असतात. प्रौढपणी लपून जाणारं नातं बालपणात उघडं पडतं ते असं.

त्या बालपणाचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यातला डिंभ एकाक्ष असतो, पाण्यातले सूक्ष्म जीव खातो, कात टाकत वाढतो. मग त्याचं रूप पार बदलतं. दुसऱ्या टप्प्यात तो दोन झडपांच्या चिमुकल्या कवचात बंद होतो आणि खाणंच सोडतो. शरीरात साठवलेल्या चरबीवर जगत त्याला आता एकच काम करायचं असतं, कायमची जागा शोधायचं. पुढच्या दोन मिशांनी तो पृष्ठभाग चाचपतो, थोडं चालतो, नापसंत असेल तर सोडून देतो. जागा पसंत पडली की मिशांजवळच्या ग्रंथींतून चिकट द्रव सोडून डोकं तिथे चिकटवतो. त्यानंतर तो उरलेलं आयुष्य डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत काढतो. भोवती चुन्याच्या पाट्या उभ्या राहतात, आणि पायांचं काम चालण्याऐवजी पाणी विंचरण्याचं होतं. माथ्यावरचं दार उघडतं, पिसांसारखे मऊ पाय बाहेर येतात, पाण्यातले कण गोळा करून आत जातात, पुन्हा बाहेर येतात.

चार्ल्स डार्विनने या प्राण्यांवर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं घातली. उत्क्रांतीचा सिद्धांत मनात तयार असताना त्याने तो बाजूला ठेवला आणि जगभरातून मागवलेले बार्नॅकल एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली उघडले. १८५४ साली आलेल्या त्याच्या जाडजूड ग्रंथात कासवांवरच्या बार्नॅकलचंही बारकाईने वर्णन आहे. आपल्याकडे हे काम कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी पुढे नेलं. १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे ते पहिले संचालक. हिंदी महासागरातले बार्नॅकल हा त्यांचा आवडीचा विषय होता.

आता या डिंभाची अडचण पाहा. खडकावर राहणाऱ्या बार्नॅकलला खडक शोधायचा असतो. खडक किनाऱ्यावर जागच्या जागी असतो. कासवावर राहणाऱ्याला अथांग पाण्यात एक हलतं कासव गाठायचं असतं, तेही चरबीचा साठा संपायच्या आत. कासवं एरवी विखुरलेली असतात, पण विणीच्या हंगामात ती किनाऱ्याजवळच्या पाण्यात जमतात, नर-माद्या एकमेकांना भिडतात. नव्या पिढीला नवं कासव मिळण्याची सर्वांत चांगली संधी तीच, असं मानायला जागा आहे. देवमाशांवरच्या बार्नॅकलच्या बाबतीतही असाच विचार मांडला गेला आहे.

जागा मिळाली तरी दुसरा प्रश्न उरतोच. बार्नॅकल बहुतेक उभयलिंगी असतात, तरी पिल्लांसाठी शेजारी लागतो. हलता येत नसल्यामुळे शेजाऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांचं जननांग शरीराच्या मानाने प्राणिसृष्टीत सर्वाधिक लांब झालेलं आहे. पण कासवाच्या एवढ्या पाठीवर एकच बार्नॅकल बसलेला असेल तर? यावर निसर्गाने काढलेला तोडगा असा, की काही डिंभ कासवाच्या पाठीवर न बसता मोठ्या बार्नॅकलच्या कवचावरच बसतात, तिथेच चिमुकले राहतात आणि नराचं काम करतात. असे पूरक नर डार्विनने १८५१ साली बार्नॅकलच्या इतर जातींत दाखवले होते, आणि तेव्हा ती गोष्ट अनेकांना पटण्याजोगी नव्हती. केलोनिबियातले खुजे नर फार उशिरा लक्षात आले. १९८३ साली खेकड्यांवर राहणाऱ्या प्रकारात ते आढळले, आणि २००४ साली हवाईतल्या संशोधनातून कासवांवरच्या प्रकारातही त्यांची नोंद झाली.

या बार्नॅकलबद्दलची मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट याहूनही अलीकडची आहे. वर मी ‘कायमची जागा’ म्हणालो. पाठ्यपुस्तकांत तसंच लिहिलेलं असतं, आणि इतर बार्नॅकलच्या बाबतीत ते खरंही आहे. पण कासवांच्या छायाचित्रांची महिन्यामहिन्यांनी तुलना करणाऱ्या अभ्यासकांना दिसू लागलं की केलोनिबिया सरकतो. २००८ साली हिरव्या कासवांवरची अशी निरीक्षणं प्रसिद्ध झाली. मग २०२१ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने जिवंत कासवांवर आणि प्रयोगशाळेत पारदर्शक पत्र्यांवर वाढवलेल्या बार्नॅकलवर पद्धतशीर मोजमाप करून ते पक्कं केलं. वर्षाला जास्तीत जास्त ७८.६ मिलिमीटर. म्हणजे महिन्याला साडेसहा मिलिमीटर. वेग कासवालाही लाजवणारा, पण ज्या कुळाने पन्नास कोटी वर्षांपूर्वी प्रौढपणी चालणं सोडलं, त्या कुळातला एक जण परत चालू लागला आहे.

पाण्याचा प्रवाह त्याला मागे ढकलत असेल, अशी शंका साहजिक आहे. पण उलटंच दिसलं. बार्नॅकल प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने सरकत होते, म्हणजे कासव पोहताना समोरून पाणी जिथे जास्त येईल तिकडे. काहींनी मध्येच काटकोनात वळण घेतलं. शेजारी जवळ आहे की दूर, याचा फरक पडला नाही. यावरून हे चालणं जोडीदारासाठी नसून चांगल्या घासासाठी असावं, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. तो चालतो कसा, हे मात्र अजून पूर्ण उलगडलेलं नाही. मागे राहिलेल्या चिकट द्रव्याच्या पट्ट्यात थरावर थर दिसतात, तेव्हा टप्प्याटप्प्याने नवा द्रव सोडत, तळ थोडा उचलत, कडेच्या स्नायूंनी ओढत तो पुढे जात असावा.

एकट्या बार्नॅकलने ही वस्ती भरत नाही. केलोनिबिया कवचाच्या वरच्या थराला चिकटतो, तर प्लॅटिलेपस नावाचा त्याचा लहानसा नातेवाईक मानेच्या आणि वल्ह्यांसारख्या पायांच्या मऊ कातडीत रुतून बसतो. स्टेफॅनोलेपस वल्ह्यांच्या कडेत खोल शिरतो, आणि त्याचा त्रास कासवाला निश्चित होतो. देठाने लोंबणारे गूज बार्नॅकलही असतात. पावसाळ्यात मुंबईच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या चपला, बाटल्या, जाळ्यांचे तरंडे उचलून पाहिले तर त्यांचेच भाऊबंद झुपक्यांनी दिसतात. मंद पोहणारं कासव आणि तरंगणारी वस्तू यांत त्यांना फारसा फरक वाटत नसावा. शेवाळात कॅप्रेला नावाचे काडीसारखे बारीक कवचधारी राहतात. भूमध्य समुद्रातल्या लॉगरहेड कासवांवर त्यांची एक ठरावीक जात मोठ्या संख्येने सापडते. टॅनेड नावाचे चिमुकले प्राणी कवचावर नळीसारखं घर करून राहतात.

शेपटीच्या वर, कवचाच्या कडेखाली, जी खोबण असते, तिथे राहतो प्लेन्स नावाचा खेकडा. इंग्रजीत याला कोलंबसचं नाव मिळालं, कारण सप्टेंबर १४९२ मध्ये अटलांटिक ओलांडताना तरंगत्या समुद्री गवतात दिसलेल्या जिवंत खेकड्याची नोंद कोलंबसच्या रोजनिशीत आहे. हा खेकडा तरंगत्या कशावरही राहू शकतो. मात्र कासवावर तो पुष्कळदा जोडीने सापडतो, एक नर आणि एक मादी. खोबण दोघांपुरतीच असते. तिसऱ्याला तिथे ते टिकू देत नाहीत. ही जोडी कासवाच्या अंगावरचे लहान जीव वेचून खाते, त्यात बार्नॅकलची कोवळी पिल्लंही येतात. प्लेन्सची एक जात ऑलिव्ह रिडलेवरही राहते. लॉगरहेडच्या तुलनेत रिडलेच्या पाठीवर एकूण गर्दी कमी असते, पण हा खेकडा तिच्या वाट्यालाही येतो.

साध्या डोळ्यांना न दिसणारे जीव मोजले तर आकडे डोळे विस्फारायला लावतात. २०१८ सालच्या जूनमध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या सेंट जॉर्ज बेटावर अंडी घालायला आलेल्या २४ लॉगरहेड माद्यांच्या पाठीवरचं सगळं गोळा करून अभ्यासकांनी चाळणीतून गाळलं. एका कासवावर सरासरी ३३ हजार जीव निघाले, आणि एकीवर दीड लाखाच्या जवळपास. त्यांत सूत्रकृमींच्या शंभराहून अधिक प्रजाती होत्या, आणि कोपेपॉड म्हणून ओळखले जाणारे सूक्ष्म कवचधारीही भरपूर. वाळूत राहणारे, पोहता न येणारे हे जीव महासागराच्या दोन्ही काठांवर सारखेच कसे सापडतात, हे एक जुनं कोडं आहे. कासवांच्या पाठीवरून त्यांनी प्रवास केला असेल, हे उत्तर त्या मोजणीनंतर जास्त विश्वासार्ह वाटू लागलं.

मग हे सगळं ओझं कासवाला बाधतं का?

थोडे बार्नॅकल निरोगी कासवाला बाधत नाहीत. ते कासवाचं रक्त पीत नाहीत, मांस खात नाहीत. आधार घेतात आणि पाण्यातून स्वतःचं अन्न मिळवतात. कासवही अगदी हताश नसतं. कवचावरचे जुने पापुद्रे गळतात तेव्हा त्यांच्याबरोबर काही बिऱ्हाडंही जातात. ते खडकांना, कपारींना पाठ घासतं. हवाईत मासे हिरव्या कासवांच्या कातडीवरचे बार्नॅकल टिपून खाताना दिसले आहेत, आणि कासवं त्यासाठी वल्ही ताणून स्थिर राहतात. संख्या फार वाढली, डोळ्यांवर किंवा जबड्यावर वाढ झाली, मऊ भागात खोल रुतणारी जात आली, तर मात्र हानी होते. पोहताना पाण्याचा रोधही वाढतो.

पण बार्नॅकलने लगडलेलं कासव किनाऱ्यावर निपचित पडलेलं दिसलं की बहुतेक लोक म्हणतात, बघा, बार्नॅकलने काय दशा केली. कार्यकारणाची ही साखळी बहुतेक वेळा उलटी असते. कासव आधी आजारी पडतं किंवा जखमी होतं. ते मंद होतं, पृष्ठभागाजवळ तरंगत राहतं, अंग घासायला खाली जाऊ शकत नाही. मंद पृष्ठभागावर डिंभांना बसणं सोपं, आणि बसलेल्यांना झटकणारं कुणी नाही. काही महिन्यांत पाठ, पोट, मान, वल्ही सगळं झाकून जातं. म्हणून पशुवैद्य या थराकडे ताप मोजल्यासारखं पाहतात: वस्ती किती दाट आहे आणि त्यातले सर्वांत मोठे बार्नॅकल केवढे आहेत, यावरून कासव किती काळ अशक्त असावं याचा अंदाज येतो.

पालघर जिल्ह्यात डहाणूला वन विभागाचं समुद्री कासवांसाठी उपचार केंद्र आहे. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन ही स्थानिक संस्था ते चालवायला मदत करते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की अशक्त झालेली कासवं किनाऱ्याला लागतात, आणि जून ते सप्टेंबर हे महिने केंद्रासाठी धावपळीचे असतात. समुद्रात टाकून दिलेल्या किंवा तुटलेल्या जाळ्यांत अडकून पुढचं वल्हं कापलं गेलेली, फुप्फुसांच्या आजाराने बुडी मारू न शकणारी अशी ती असतात. त्यातली कित्येक बार्नॅकलसह येतात. मूळ दुखणं जाळ्याने केलेलं असतं. बार्नॅकल मागाहून आलेले असतात.

असं कासव आलं तर जगभरातल्या उपचार केंद्रांत रूढ असलेला एक उपाय अगदी साधा आहे. त्याला एखाद-दोन दिवस गोड्या पाण्यात ठेवतात. गोडं पाणी बार्नॅकलच्या शरीरात शिरतं, ते मरतात आणि मग सैल होऊन गळतात. कासवाच्या कवचाला धक्का लागत नाही, शिवाय शुष्क झालेल्या त्याच्या शरीराला पाणीही मिळतं. पण हे पशुवैद्याच्या नजरेखाली करायचं काम आहे. किनाऱ्यावर सापडलेल्या कासवाचे बार्नॅकल सुरीने, पटाशीने उपटणं म्हणजे त्याच्या कवचाचा थर सोलणं. खाली जिवंत हाड आणि रक्तवाहिन्या असतात, आणि उघड्या जखमेतून जंतू आत जातात. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिला वाघाइतकंच संरक्षण आहे. सापडली तर सावलीत ठेवावी, अंग ओलं ठेवावं, समुद्रात परत ढकलू नये आणि वन विभागाला कळवावं.

हे मुद्दाम सांगण्याचं कारण म्हणजे मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती. कुणीतरी कासवाच्या पाठीवरचे बार्नॅकल एकामागून एक उखडतो आणि लाखो लोक ते पुण्यकर्म समजून पाहतात. त्यांतल्या काही तर बनावट असतात. समुद्राशी संबंध नसलेल्या, गोड्या पाण्यातल्या कासवाच्या पाठीवर बार्नॅकल चिकटवायचे आणि मग ‘सुटका’ करायची. ओळखायची खूण सोपी आहे. जायकवाडीच्या नाथसागरातल्या किंवा पैठणजवळच्या गोदावरीतल्या कासवावर शेवाळ असू शकतं, जळवा असू शकतात. बार्नॅकल असूच शकत नाहीत, कारण नदीच्या पाण्यात ते जगत नाहीत. दिसले तर ते माणसाने चिकटवलेले आहेत, आणि तो त्या मुक्या जिवाचा छळ आहे.

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहिलं, त्या मुद्द्याकडे येतो. बार्नॅकलचं कवच चुन्याचं, कॅल्साइटचं असतं आणि ते थराथराने वाढतं. त्या चुन्यात ऑक्सिजन असतो. ऑक्सिजनचे हलके अणू आणि जड अणू समुद्राच्या पाण्यात ज्या प्रमाणात असतात, त्याचा ठसा कवचात उमटतो. तापमानाचाही त्यात वाटा असतो. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन जास्त उडून जातो, म्हणून पावसाचं आणि नदीचं पाणी हलक्या ऑक्सिजनचं, तर जिथे बाष्पीभवन जोरात चालतं तो समुद्र जड ऑक्सिजनचा. कवचाच्या माथ्यापासून तळापर्यंत टोकदार सुईने थोडी थोडी पूड काढून तपासली, की यजमान कोणत्या पाण्यातून गेला हे क्रमाने वाचता येतं. १९८० साली जॉन किलिंग्ली यांनी करड्या देवमाशांवरच्या बार्नॅकलमधून त्यांच्या स्थलांतराचा माग काढला, आणि १९८३ साली मॉली लटकॅव्हेज यांच्यासह तीच पद्धत लॉगरहेड कासवांवर वापरली. केलोनिबिया दोनेक वर्षं जगू शकतो, तेव्हा एका कवचात तेवढ्या काळाची नोंद असते.

याच विद्येचा उपयोग मार्च २०१४ मध्ये नाहीशा झालेल्या मलेशियाच्या एमएच ३७० विमानासाठीही करून पाहिला गेला. जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटाला लागलेल्या त्याच्या पंखाच्या तुकड्यावर गूज बार्नॅकल वाढलेले होते. २०२३ साली संशोधकांनी त्यांच्या कवचावरून तो तुकडा कोणत्या तापमानाच्या पाण्यातून तरंगत आला हे काढलं. उपलब्ध कवचं लहान असल्यामुळे शेवटच्या काही महिन्यांचाच प्रवास कळला, पण रीत चालते हे दिसलं.

आपल्या कासवांसाठी ही रीत फारच सोयीची ठरावी, असं मला वाटतं. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर एकाच अक्षांशावर असूनही त्यांची पाणी वेगळी आहेत. अरबी समुद्रात बाष्पीभवन पावसाहून जास्त; एक किलो पाण्यात ३५-३६ ग्रॅम क्षार. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा ओततात. त्याच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर वरच्या थरातला क्षार ३० ग्रॅमच्याही खाली जातो. इतका फरक कवचात उमटल्याशिवाय राहणार नाही.

आणि आपली कासवं हे दोन्ही समुद्र ओलांडतात. २०२२ साली कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेने कोकणात पाच माद्यांवर उपग्रह यंत्रं बसवली: प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी. २०२३ मध्ये गुहागरला गुहा आणि बागेश्री या दोघींवर बसवली, आणि बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूवर आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी होती. ती २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली. साडेतीन हजार किलोमीटरचं अंतर. यंत्र महाग असतं, पाच-सातच कासवांना मिळतं आणि काही महिन्यांनी मुकं होतं. त्याच्या खाऱ्या पाण्याच्या संवेदकावर बार्नॅकल बसणं हेही मुकं होण्याचं एक कारण असतं. धातूची पट्टी दोन ठिकाणं सांगते, मधली वाट सांगत नाही. बार्नॅकल ती वाट ढोबळ का होईना सांगू शकतो, आणि तो फुकट बसतो, कुणीही न बसवता.

छत्रपती संभाजीनगरमधून वाहणारी खाम पुढे नाथसागरात गोदावरीला मिळते. ज्या वर्षी जायकवाडीचे दरवाजे उघडतात, त्या वर्षी आपल्याकडचं पाणी आंध्रात राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून बंगालच्या उपसागरात पोहोचतं. त्या मुखाजवळच्या काकीनाड्याच्या होप बेटावर ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. त्या पाण्यात हिंडणाऱ्या मादीच्या पाठीवरच्या बार्नॅकलने त्या महिन्यांत घातलेला चुन्याचा थर हलक्या ऑक्सिजनचा असणार, आणि त्यात मराठवाड्यावर पडलेल्या पावसाचाही अंश असणार. अंश अगदी लहान. इतर नद्यांपुढे नगण्य. तरीही समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला समुद्री कासवाबद्दल वाटणारी आस्था परकी ठरत नाही, एवढं त्यातून मला नक्की म्हणता येतं.

दर पावसाळ्यात पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत मेलेली कासवं किनाऱ्याला लागतात. पंचनामा होतो, लांबी-रुंदी लिहिली जाते आणि त्यांना वाळूत पुरलं जातं. पाठीवरचे बार्नॅकलही त्यांच्याबरोबर पुरले जातात. वन विभागाच्या परवानगीने शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्याने प्रत्येक कासवावरचे सर्वांत मोठे दोन-तीन बार्नॅकल काढून अल्कोहोलच्या कुपीत ठेवावेत. चिठ्ठीवर तारीख, गाव, कासवाची जात, पाठीची लांबी आणि बार्नॅकल कवचाच्या कोणत्या भागावर होता एवढं लिहावं, आणि ती कुपी एखाद्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे पाठवावी. विच्छेदनात कासवाचं पोट उघडून प्लॅस्टिक शोधलं जातंच. त्याच टेबलावर हे काम पाच मिनिटांचं आहे.